बाणाची दिशा

फळ्यावर अकरा वर्षं मी एकच आकृती काढते:
वर विद्यापीठ, मध्ये विस्तार, तळाला शेतकरी.
बाण खाली.
खडूला आता वाट पाठ आहे.

वडणग्याच्या गुऱ्हाळावर सायमा मुल्लाणीनं
काहिलीत थर्मामीटर धरला.
"एकशे अठरा. उतरवा, पुस्तकात हेच आहे."
जिन्नाप्पा गुळव्यानं पाकाचा थेंब पाण्यात सोडला,
बोटांत गोळी वळून पत्र्यावर मारली.
आवाज आलाच नाही.
"पुरात आठवडाभर उभा हुता ह्यो ऊस.
जरा वर न्यावं लागतंय ह्याला."
"किती वर?"
"त्ये तुझं यंत्र सांगंल की, पोरी. मला कुठं आकडा ठाव?"

मग दोघं वाकली एकाच वाफेत.
चुलवाणात चिपाडं पडत राहिली.
गोळी टण्ण वाजली तेव्हा
सायमानं तळहातावर लिहिलं: एकशे एकवीस.
जिन्नाप्पानं तो आकडा तीनदा पुटपुटला,
सौद्यातला भाव लक्षात ठेवावा तसा.

सहामाहीला प्रश्न तोच, गुण दोन:
बाणाची दिशा दाखवा.
सायमानं दोन्हीकडं टोकं काढलीत,
शिवाय बाजूला, कुणी न विचारता, एक नदी.

उत्तरसूचीत टोक एकच.
लाल पेनाचं टोपण
मी अजून काढलेलं नाही.