साहित्याची यादी

अर्जात रकाना होता : वार्षिक उत्पन्न.
आई म्हणाली, वर्षाचं कोण मोजतंय गं.
चैत्र-वैशाखात करवंदांचे द्रोण, दहाला एक,
जांबोटीच्या वळणावर
गोव्याच्या गाड्या थांबल्या तर.
मग थोडी जांभळं. मग चार महिने काहीच नाही.
बाबांचा कौलांचा कारखाना बंद पडलेला,
धुराड्यावर पिंपळ उगवलेला,
तरी ते रोज सकाळी डबा घेऊन निघत.
कुठे, ते आम्ही विचारलं नाही.

खानापुरात नाडकचेरीच्या खिडकीत
दोनदा सर्व्हर डाऊन, एकदा साहेब मीटिंगला,
चौथ्या खेपेला कागद निघाला. कन्नडात.
चिगरे सरांनी बोट ठेवून वाचून दाखवला :
वैजयंता, सातेरी गौडा यांची मुलगी,
उत्पन्न बत्तीस हजार.
आई हरखलीच.
बत्तीस? येवढं मिळवतो व्हय आम्ही?
आणि बस सुटल्यावर, कितीतरी वेळाने,
मग खट्टे जातंय गं ते?

गौडाचा गावडे करायला
आणखी तीन खेपा, एक प्रतिज्ञापत्र.
बाबांनी शपथेवर लिहून दिलं
की ही दोन्ही नावं एकाच माणसाची.
सही करताना हात जरा थांबला त्यांचा,
जणू त्या दुसऱ्यालाही विचारून घेत होते.

शहापुरात तेलाच्या व्यापाऱ्यांचा एक ट्रस्ट.
हॉलमध्ये हार घातलेले पाच फोटो
आणि तीन जिवंत माणसं.
घरी टीव्ही आहे?
आहे.
(सर म्हणाले होते, खोटं बोलू नकोस,
खरं बोल, पण थोडक्यात.)
चालतो?
नाही.
मग ठेवलाय कशाला?
वर देव ठेवलेत, मी म्हणाले.
मधल्या माणसाला हसू आलं,
त्याने पेनाचं टोपण काढलं.
त्या हसण्याचे वर्षाला चौऱ्याऐंशी हजार,
म्हणजे करवंदांचे आठ हजार चारशे द्रोण.
मी अजूनही कधीकधी विचार करते,
त्या दिवशी त्याची दाढ दुखत असती तर?

फी माफ झाली.
पण पत्राच्या पाठीमागे साहित्याची यादी होती,
तिला कुठलाच ट्रस्ट नव्हता.
पांढऱ्या चादरी दोन. काळे बूट. मच्छरदाणी.
बादली. लोखंडी ट्रंक, नाव घातलेली.

बाबांनी डिस्टेंपरची रिकामी बादली आणली,
आई ती राखेने घाशीत बसली,
आणि मला कळलं
डबा घेऊन ते कुठे जायचे :
बेळगावात, दुसऱ्यांच्या भिंतींवर.
नखांच्या कडेला कुणाच्या तरी हॉलचा पिस्ता रंग.

ट्रंक सुभेदार तुपाऱ्यांनी दिली, पेन्शनीत निघालेल्या.
परत आणू नकोस, म्हणाले,
मी आता कुठं बदलीवर जातोय.
बाबांनी काळ्या रंगाचे दोन हात मारले.
मग ब्रश धरून विचारलं, कुठल्या लिपीत?
आई म्हणाली, दोन्हीत घाला की, जागा आहे.
वर कन्नड, खाली मराठी,
आणि दोन्हीकडे गावडेच, ठसठशीत,
कचेरीला बघवणार नाही असं.

पहिल्याच महिन्यात रंगाखालून
पलटणीचा नंबर वर आला.
मुली मला सुभेदार म्हणायला लागल्या.
हजेरीत मात्र मी गौडाच राहिले;
कागद एकदा निघाला की
त्याच्या मागून दुसरा पळून गाठत नाही.
आजही कुणी त्या नावाने हाक मारली
तर मी वळून बघते.
दोघींचीही फी माफ होती.