चव्वेचाळीसावीत

"मुलगा कितवीत आहे, अक्का?" मंजुनाथनं विचारलं
काचेच्या कपाटाची किल्ली शोधत.
म्हटलं, चव्वेचाळीसावीत.
माझ्यासाठीच बगाय आलोय.

खानापूर रोडवरचं दुकान, दुपारचे अडीच.
कोर्टाच्या आवारातलं माझं टाइपिंगचं टेबल
प्लास्टिकनं झाकून आलेली.
दिवसाला तीस प्रतिज्ञापत्रं, तीन भाषांत.
बोटं अजून चालतात,
हे या पोराला कसं पटवायचं?

अनसूरकर गल्लीत आमच्या अण्णांचं व्हिडिओ पार्लर होतं.
चार टीव्ही, त्यातले दोन धड.
रुपयाला दहा मिनिटं.
मुलींनी येऊ नये, असं कुठं लिहिलं नव्हतं,
खरं कुणी येतही नव्हत्या.
सकाळी आठला अर्ध्या शटरखालून मी आत शिरायची.
कॅसेट काढायची, फुंकायची, लावायची.
"चालतंय का बग," अण्णा बाहेरून, झाडू मारत.
चालतंय का ते बघता बघता
मी सहाव्या टप्प्यावर.
कॅसेटवर छापलेलं : नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ.
खरे सातच.
गिऱ्हाइकांना पत्ता नव्हता, मला होता.
मग एसटीडी बूथ आलं. मग झेरॉक्स. मग माझं लग्न.

मंजुनाथ डबे मांडतो.
हा बंदुकीचा, हा गाड्यांचा,
आणि हा : "शंभर तास कुठं गेले समजणार नाही, अक्का."
शंभर तास कुठं जातात ते मला चांगलं समजतं, बाबा.
गॅसच्या नंबरात जातात, अण्णांच्या गोळ्यांच्या डब्यात,
पक्षकार येतो म्हणाला आणि आला नाही, त्यात.

असा दे, म्हटलं,
दूध वर आलं तर मधेच थांबेल,
आणि थांबवलं म्हणून रुसणार नाही.
रोज ये, नाहीतर बक्षीस बुडालं, असली हजेरी नको,
हजेरी सासरी भरली.
कानात अनोळखी पोरांच्या शिव्या नकोत
(कन्नडमध्ये दिल्या तरी कळतात मला).
अक्षरं मोठी.
हरले तर चालेल. हरल्यावर
परत पहिल्यापासून मात्र नको.
पहिल्यापासून लई वेळा झालंय.

त्यानं डोकं खाजवलं.
मग खालच्या खणातून, वायरींच्या गुंत्याखालून,
एक कोपरा चेपलेला डबा काढला.
"हा कुणी नेत नाही. एक पोस्टमन, एक बेट.
पत्रं वाटायची. बस्स."
मरतो का?
"नाही. भिजतो फक्त."

लावून दाखव म्हटलं.
भाषा निवडा, असं आलं. यादीत सोळा.
त्यानं खालपर्यंत सरकवलं, मीही वाकून पाहिलं.
त्याची नव्हती. माझीही नव्हती.
आम्ही एकदमच हसलो,
आणि त्यानं दीडशे रुपये कमी केले.

रात्री साडेदहा. भाच्यानं टाकून दिलेलं यंत्र,
हॉलमधला टीव्ही, आवाज अगदी बारीक.
पोस्टमन माझ्या हाती पहिल्यांदा चालला
तो थेट विहिरीत.
अंगठे विसरले होते. मग हळूहळू,
एक पूल, एक टेकडी, एका म्हातारीचं दार.

मागं चपला घासल्याचा आवाज.
अण्णा. अठ्ठ्याहत्तर. पाणी प्यायला उठलेले.
उभे राहिले, हात थरथरतोय,
नजर पडद्यावर नाही, भिंतीवरच्या घड्याळावर.
"कवाधरनं खेळूलालीस?"
अर्धा तास झाला असेल, अण्णा.
"म्हंजे तीन रुपये."
ह्याला वेळ नसते हो. एकदाच घ्यायचा, कितीही खेळायचा.

ते बराच वेळ गप्प.
पडद्यावर पोस्टमन पुलावर उभा,
झोळीत पत्रं, घाई कसलीच नाही.

"मग दुकान कसं चालायचं?" अण्णा म्हणाले,
आणि खुर्ची ओढून बसले.