चौकट एक्केचाळीस

या पठाराच्या नावातच दात खाणं आहे.
जुन्या बैलगाड्यांची चाकं गारगोट्यांवरून जायची
तेव्हाची ती करकर म्हणे नावात अडकून राहिली.
गाड्या गेल्या. करकर आता माझ्या बुटांखाली,
म्हणून द्रीका क्लासा मला बूट काढायला लावते.

पांढऱ्या नळ्यांची चौकट, मीटर बाय मीटर.
डोळे मिटून भिरकवायची,
आवडती जागा निवडायची नाही, असा नियम.
पडेल तिथे गुडघे टेकायचे.

पहिली पाच मिनिटं काही दिसत नाही.
गारगोट्या. गारगोट्या. शेळीची एक लेंडी.
मग एक गारगोटी जरा फुगीर वाटते,
मधोमध चीर,
आणि तिच्यामुळे शेजारची, तिच्यामुळे पलीकडची,
आणि मग नजर थांबत नाही,
सगळं अंगण पोराबाळांनी भरल्यासारखं होतं.

"बाळाचे कुल्ले," द्रीका हसते,
"आम्ही हेच म्हणतो. तू काय लिहितेस?"
मी लॅटिन नाव सांगते.
ती मान हलवते,
पाहुण्याचं पोर कितवीत आहे ते ऐकून हलवावी तशी.

जाती सहा. रोपं एकशे सत्तावीस. मृत चार.
रिकामी जमीन: अठ्ठ्याऐंशी टक्के.
"रिकामी कुठली?" ती एक गारगोटी उचलते.
खाली ओल, सुईच्या अग्राएवढं रोप,
रात्रीच्या धुक्याचा अजून न संपलेला घोट.
ती गारगोटी पुन्हा ठेवते,
होती तशीच, त्याच कुशीवर.
फॉर्ममध्ये पांघरुणाचा रकाना नाही.

चौकटीच्या एका कोपऱ्यात लाल फडक्याची खुंटी आहे.
क्रमांक बारा. इथे पहिलं भोक पाडणार.
खाली चुनखडी, वरच्यांना तिचा वास लागलेला.

द्रीकाची मुलगी रुवेल्डा
डंपरचं लायसन काढून फ्रेडेंडालला बसली आहे.
बहात्तर जागा निघणार, असं सभेत सांगितलंय.
"आई, त्या कुल्ल्यांवर घर चालत नाही,"
हे द्रीका मला मोजता मोजता सांगते,
तिसऱ्या ओळीतल्या बारक्या रोपावरून बोट न हलवता.
मी काही बोलायला तोंड उघडते.
"तू मोज," ती म्हणते. "कमी नको. जास्त पण नको."

शेवटचा रकाना: स्थलांतर शक्य आहे काय?
आधी आलेल्या कुणीतरी
सगळ्या चौकटींपुढे एकच होय लिहून
खाली भरभर टिंबं दिली आहेत.

द्रीका सात वर्षांची असताना
सार्डिनच्या डब्यात एक रोप घरी घेऊन गेली होती.
खिडकीत ठेवलं. रोज पाणी घातलं,
स्वतःच्या वाटणीचं.
आठव्या दिवशी ते फुटलं.
"लाडानं," ती म्हणते. "त्याला नाही म्हणता येत नाही ना."
मी लिहिते, नाही.

अकरा चाळीसला ढग सरकतो.
चिरांमधून जांभळं, पिवळं, एक अगदी पांढरं
बाहेर येतं, इतकं सावकाश की
उघडताना कुणी दिसत नाही, फक्त उघडलेलं दिसतं.
ज्यांना मी दगड समजून सोडलं होतं
त्यातल्या चौघांना फूल आहे.
खोडरबर. एकशे एकतीस.

उठते तेव्हा मातीत माझ्या गुडघ्यांचे दोन खळगे.
डाव्यात काहीतरी हिरवं, पाणी सुटलेलं.
नीट पाहिलं तर दोन.
गुडघे टेकले नसते तर मला ती दिसलीच नसती,
हे मी द्रीकाला सांगत नाही,
तिला ते माझ्याआधीच माहीत असणार.

ती पेन्सिल माझ्या हातात देते.
जिवंत, एकशे एकोणतीस.
मृत, सहा.
मग माझे बूट हातात घेऊन पुढे चालू लागते,
बेचाळीसकडे,
पाय कुठे ठेवायचा ते दर पावलाला पुन्हा ठरवत.