बारा परस

मालवणात शिकवलं होतं:
एकट्यानं उतरायचं नाही, हा पहिला नियम.
श्वास धरून ठेवायचा नाही, हा दुसरा.
पहिला आज सकाळी सावळजेत मोडला,
हिंदुराव खोचग्यांच्या विहिरीवर,
कारण छाटणी झालेली, द्राक्षाचे डोळे फुगलेले
आणि मोटर तळाला,
दोर कुजून, पाइपासकट.

सहा वर्षं दोघं उतरायचो. दस्तगीर पुढं,
मी त्याच्या पायातल्या पिवळ्या फिन्समागं.
मणेराजुरीला त्याच्या डाव्या कानाचा पडदा फाटला.
मिरजेतल्या सतारी करणाऱ्या घरातला पोरगा,
तारा लावताना आता मान तिरकी करतो.
काल फोनवर म्हणाला, नको उतरू.
मग म्हणाला, उतरलासच तर कान सावकाश सोड.
मग म्हणाला, उजव्या कानाला धरलाय फोन, बोल.
मला काही सुचेना.

दोर हिंदुरावांच्या सुनेच्या हातात.
एक हिसका: ठीक आहे. दोन: दोर सोडा.
तीन: ओढा, विचारत बसू नका.
तिनं बोटांवर मोजलं, नखांत बोर्डोचा निळा,
म्हणाली, आणि एकही नाही आला तर?
मी मास्क लावला.

पहिला परस हिरवा.
शेवाळ, पारव्याची पिसं, कुणाची तरी चप्पल.
नाक चिमटीत धरून फुंकलं, कान सुटले.
तिसऱ्याला पाणी एकदम गार,
बंद खोलीचं दार उघडावं तसं.
पाचव्याला कातळ, सुरुंगाच्या अर्ध्या नळ्या,
छिन्नीचे घाव. ते हात केव्हाच मातीत गेले.
आठव्याला रंग गेले.
आवाज तेवढा उरला, माझाच:
आत घरघर, बाहेर बुडबुड.
झोपलेल्या माणसाच्या उशाशी बसावं
तसा बसलो होतो स्वतःच्या उशाशी,
खाली जाता जाता.

लहानपणी सगळं उलट शिकलो.
पाठीला रॉकेलचा डबा बांधून अण्णांनी काठावरून ढकललं,
श्वास धर, म्हणाले.
तेव्हापासून धरतच आलोय,
निकालाच्या दिवशी, सोसायटीच्या रांगेत,
बायकोला कळा सुरू झाल्या त्या रात्री
दवाखान्याच्या जिन्यात.
इथं धरला तर फुप्फुस फाटेल.
सोड. सोडत राहा.

तळाला हात लागला आणि गाळ उठला.
गाळात वर-खाली राहत नाही.
सवयीनं मागं वळलो,
अंगठा आणि तर्जनीचा गोल करून दाखवला:
ठीक?
गोल तसाच राहिला. त्यातून पाणी गेलं.

पोटात कालवलं. हात दोरावर गेला, तीन हिसक्यांसाठी.
तेवढ्यात बुडबुडे गालावरून
कानामागं चढताना जाणवले.
म्हणजे तिकडं वर.
एवढं कळलं, बस्स.

मोटर पाइपाला मिठी मारून पडलेली.
तिलाही पाणबुडीच म्हणतात.
हुक अडकवला, गाठ मारली, वर आणखी एक गाठ.
काम संपलं. काटा अजून ऐंशीवर.
एक हिसका दिला, ठीक आहे म्हणून,
आणि बसून राहिलो.
का, ते विचारू नका.
दोन मिनिटं असतील, तीन.
गाळ आपल्या जागी बसायला लागला
आणि लांब वर, फिक्कट, विहिरीचं तोंड दिसलं,
दोन बोटांच्या गोलात मावेल एवढं.

बाहेर आल्यावर सगळे मोटरीभोवती.
हिंदुराव म्हणाले, काय दिसलं खाली?
गाळ, म्हटलं. उन्हाळ्यात काढून घ्या.
सुनेनं दोर सोडला नव्हता अजून.
तुमचा एक आला, तेव्हा मी पण एक दिला, म्हणाली,
कळला का?
कळला, म्हणालो.

तासगावपर्यंत मोटारसायकलवर डावा कान भरलेला.
एका बाजूनं रस्ता वाजत होता,
एका बाजूनं विहीर.