चुकत्याची चिठ्ठी

हेमांगी फोनवर म्हणाली, बाबा, तुमची जन्मतारीख सांगा.
एक जून, म्हटलं. मास्तरांनी घातलेली.
त्याच दिवशी मासेमारी बंद होते, म्हणून लक्षात राहते.
खरी तारीख माझ्या आईला ठाऊक होती,
ती एवढीच की शिमग्याची पालखी यायच्या आदल्या रात्री.
हे फॉर्मात बसत नाही.

फॉर्म नव्या स्पॉन्सरसाठी.
जुन्याने नेली चाळीस तासांच्या बोलीवर, काम देतो अठरा तास,
आणि त्या अठरातून कापतो
गाडीचे पैसे, गणवेशाचे पैसे,
तुला इथे आणली कोणी, याचे पैसे.
हे शेवटचं तो तोंडाने बोलत नाही म्हणे.
पावतीवर 'इतर' लिहितो.

मी हर्णैच्या धक्क्यावर
जाळ्याचा फाटका डोळा बोटांनी चाचपत ऐकत होतो.
खलाशाला यात नवं काय सांगायचं?
नारळ सोडायच्या आधी आगाऊ उचलायची,
घराची कौलं परतायची,
मग आठ महिने शेठ नेईल ते पाणी आपलं.

एकोणनव्वद साली मी पांडबाशेठची बोट सोडली.
चार हजार अंगावर.
महिनाभर कोणी फळीवर पाय ठेवू देईना.
बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढल्या,
बोटांची सालं लादीलाच चिकटून राहायची.
संध्याकाळी लिलावात उभा राहिलो
तर माणसं सुरमईचे डोळे निरखायची,
माझ्याकडे बघायची नाहीत.
शेवटी दाभोळच्या हमदुल्यांनी माझे चार हजार भरले
आणि पांडबाशेठने वहीचं पान फाडून लिहून दिलं:
हिशेब चुकता.
ती चिठ्ठी वर्षभर बंडीच्या आत, तंबाखूच्या पिशवीत.

चुकता कसला? कर्ज तेवढंच, वही दुसरी.
पण वारा फिरला की हमदुले
आधी पोरांना आत बोलवायचे, जाळं मागाहून.
मालक बदलतात ते एवढ्यासाठी.

हे तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

लहानपणी सांगायचो, दोन दगडांवर पाय ठेवू नये.
तिकडचा कायदा उलटा:
दुसरा दगड पायाखाली येईपर्यंत पहिला सोडायचा नाही,
आणि पहिला आपणहून बुडाला, तर साठ दिवस.
साठ! म्हटलं, आमची बंदी एकसष्ट दिवसांची,
माझ्याकडे एक जास्त आहे, घे.
हसली. खूप दिवसांनी.

अर्ज आत असताना देश सोडायचा नाही.
विमानात बसली की अर्ज बाद.
म्हणून दापोलीला मोतीबिंदू काढला ते लपवलंय.
काळा चष्मा दिसू नये म्हणून
फोनचा कॅमेरा गेलाय, म्हणतो.
तिची आई शेजारी सोडे निवडत असते.
तिला खोटं जमत नाही, म्हणून ती गप्प बसते,
आणि सोड्यांतली कुसळं
गरजेपेक्षा जास्त वेळ शोधते.

काल नव्या इस्पितळाच्या पत्राचा नंबर आला.
अक्षरं, आकडे, पुन्हा अक्षरं,
बोटीच्या नाळेवर रंगवतात तसा.
हेमांगी वाचत गेली, मी दाराच्या फळीवर खडूने लिहीत गेलो.
एका डोळ्याने. ओळ खाली घसरली.
बरोबर लिहिलंत ना? हो.
कशाला लिहिला, ते तिनेही विचारलं नाही, मलाही ठाऊक नाही.
आठ आठवडे लागतील म्हणे.

मग म्हणाली, कॅमेरा झाला का नीट?
म्हटलं, मुंबईहून पार्ट मागवलाय.
किती दिवस लागतील?
लागतील, म्हटलं, आठेक आठवडे.

ती बोलेना.
तिकडे काहीतरी टपटपत होतं. नळ असेल.
मग म्हणाली, आईकडे द्या.