मागच्या रांगेला काय ऐकू येतं

मंडईच्या दुसऱ्या रात्री
मोहाळीच्या शाळेपुढे दोन बांबूंना चादर ताणून
मास्तरांच्या पोरानं लढाई लावली.
चाळीस हजार माणसं आहेत, म्हणाला.
मी मोजली नाहीत.

झाडीपट्टीच्या नाटकांसाठी मी तलवारी करतो.
सागाची फळी, वर चहाच्या पुड्यातली चांदी.
त्यामुळे लढाईत मला आधी मनगटं दिसतात,
मग माणसं.

राजा घोड्यावर.
सगळ्या फौजेला टोप, त्यालाच नाही,
कारण त्याच्या चेहऱ्याचे पैसे आहेत.
तो बोलतो: रक्त, माती, उद्याची पहाट.
वारा समोरून, माणसं मागे दोन कोसांपर्यंत,
आणि शेवटच्या रांगेतला एकही जण
शेजाऱ्याला विचारत नाही,
"काय म्हनला गा तो?"

मग सगळं चिडीचूप. एक घोडा फुरफुरतो.
हे मला पटलं. हे आम्हीही करतो,
पेटीवाल्याला नुसत्या डोळ्यानं थांबवतो,
आणि बाया पोरांना पदराखाली ओढतात.

मग धावतात. अर्धा कोस, चिलखतासकट.
कोणाला धाप नाही,
बांधीच्या धुऱ्यावर कोणी ठेचाळत नाही.
पिकल्या धानावर पाखरं उतरावी तसे बाण,
तेवढ्यात रांग मोडून
जो तो आपला एकेक शत्रू धरतो,
जसे रात्रीच नावं घालून वाटून दिले होते.
चाळीस हजारांचा भात कुठे शिजला
ते शेवटपर्यंत कळत नाही.

परसराम नैताम माझ्या शेजारी, घोंगडीत.
आमच्या कंपनीची सेना म्हणजे तो,
आणि आणखी सहा.
उजव्या विंगेतून आत,
पडद्यामागून पळत,
फेटा फिरवून डावीकडून पुन्हा बाहेर.
एका रात्री तो तीनदा मरतो,
दोनदा आपल्याकडून, एकदा शत्रूकडून.

त्यानंच बोट दाखवलं.
"पाहा जी, तो चवथ्या रांगेतला.
अन् तो, टेकडीवरचा. एकच मानूस हाय.
दोघायचा हात संगंच उठते."

पोरानं चित्र मागे नेलं, थांबवलं.
खरंच. तोच खांदा, तोच वासलेला जबडा,
मी बारा मोजले, मग सोडून दिलं.
"एवढा पडद्यामागून कसा पळला असन?"
परसराम हसत नव्हता.
त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

शेवटी राजा प्रेतांमधून चालत गेला, बासरी वाजली,
आणि पुढच्याच चित्रात मैदानभर गवत,
पिवळी फुलं, एक हरण.

आमच्याकडे मेल्यावर
लाइट गेली की स्वतःच सरपटत
विंगेत जावं लागतं, तलवारीसकट.
कोपरं सोलतात.
तलवार मोडली तर माझ्या नावावर.

चादर उतरवली. दव पडायला लागलं होतं.
परसरामनं घोंगडी झटकली.
उद्या नवरगावला प्रयोग,
फेटे धुवायला टाकलेत, मी म्हटलं, वाळले नसतील.

"राहू दे," तो म्हणाला,
"तिसऱ्या मरनाले फेटा नाही बदलवत मी आता.
वळखू दे लोकायले."