पाटीची मागची बाजू

अक्षरामागे चार रुपये ठरले.
रंग माझा, पत्रा ग्रामपंचायतीचा,
सहा बाय चार, पाय सिमेंटात रोवलेले,
आणि सचिवांनी दिलेला कागद :
‘पेंच खोऱ्यातील प्रेक्षणीय स्थळे’.
जोडाक्षराचे वेगळे पैसे नाहीत, म्हणाले.
‘प्रेक्षणीय’लाच माझं नुकसान झालं.

पहिलं नाव धबधब्याचं.
एप्रिल आहे. धबधब्याच्या जागी
काळ्या कातळावर चुन्यासारखा ओघळ,
खाली डोहात कमरेएवढं पाणी,
काठच्या चिखलात अस्वलाची पावलं,
थेट माणसासारखी.
अंतर दोन किलोमीटर. बाण डावीकडे.

दुसरं, शिळावर्तुळ.
लोहयुगीन, असं कागदावर होतं, मी लिहिलं.
शेंदऱ्यांच्या वावरात आहे ते, तुरीच्या धसकटांत,
मोठमोठे धोंडे गोल बसलेले,
पंगत वाढायला कुणी आलंच नाही जसं.
नांगराचे बैल तिथं आपोआप वळसा घेतात.
‘वर्तुळ’ ओलं असताना ळ-वर एक चिलट चिकटलं.
मी ते अनुस्वार म्हणून राहू दिलं.

तिसरा किल्ला. म्हणजे दीड बुरूज
आणि दाराची नुसती चौकट.
तिच्यात उभं राहिलं की खाली नदी,
कुलूच्या पांढऱ्या खोडांमधून
पेच घेत, पेच सोडत,
घाई नसलेल्या बाईसारखी.

चौथं, विटांचं टेकाड.
हातभर लांब विटा, जुन्या कुठल्या राजवटीच्या.
त्यातली एक रैवंताबाईच्या घरी, रांजणाखाली.
ओली असताना तिच्यावरून कुत्रं गेलेलं,
चार बोटांचा ठसा अजून कोरा करकरीत.
कोणत्या राजाची गं वीट, मी विचारलं होतं.
‘राजा नाई मालूम,’ ती म्हणाली,
‘कुत्रा मालूम हाय.’

ऊन चढलं. रंग ब्रशावरच वाळायला लागला.
पाचवं आणि शेवटचं :
‘जलाशय (सूर्यास्त दर्शन)’.
कंसाचे पैसे धरायचे की नाही,
या विचारात होतो, तर मागून रैवंताबाई,
डोक्यावर मोहाची टोपली.
‘येच्यात साजाटोला कुठं हाय?’

तिला वाचता येत नाही. तरी पाटीवर
गाव नाही हे तिला कळलं.
म्हटलं, ते पाण्याखाली गेलं बाई, कधीचंच.
‘मंग? सूर्य कुठं बुडते वाटते तुले?
बरोबर आमच्या हिरीत बुडते.’

कागदावर नाही, मी म्हणालो,
सचिव पैसे देणार नाहीत.
तिनं बोटं मोडली. सा. जा. टो. ला.
‘चार. किती झाले?’
सोळा.
टोपली खाली ठेवून
ती पदराची गाठ सोडायला लागली.

राहू द्या, म्हटलं.

पुढं जागा उरली नव्हती.
मागची बाजू पाण्याकडे तोंड करून,
नुसती तांबड्या प्रायमरची.
रस्त्यावरून येणाऱ्याला ती दिसणार नाही.
तिथं लिहिलं, ठळक, हात न थरथरू देता.
अंतर लिहिलं नाही.
बाण कुठं काढू, विचारलं.
ती पाण्याकडे बराच वेळ बघत राहिली.
एक टिटवी ओरडत गेली.
‘खाली,’ म्हणाली.

रंग पातळ झाला होता. बाणाचं टोक
ओघळत पायापर्यंत गेलं.
मी पुसलं नाही.

जाताना तिनं डब्याच्या झाकणावर
ओंजळभर मोहफुलं ठेवली.
बिलात कुठं लिहू ती?